थंड प्रदेशातील उतारावरच्या निक्षेपांची तपासणी कशी करावी

लडाख किंवा स्पितीला क्षेत्रअभ्यासासाठी जाणाऱ्या मराठवाड्यातील विद्यार्थ्यांनी आधी बालाघाटच्या पायथ्याशी रस्त्यासाठी तोडलेली एखादी दरड गाठून निक्षेपांच्या, म्हणजे उतारावर साचलेल्या दगडमातीच्या, नोंदी घेण्याचा हात बसवून घ्यावा. हवामान निराळे असले तरी काम तेच असते.

दरडीचा काप प्रथम खुरप्याने उभा खरवडून ताजा करावा, कारण पावसाने वरची बारीक माती धुऊन गेलेली असते आणि दगडांचे प्रमाण आहे त्यापेक्षा जास्त भासते. नमुना वाळवून 2 मिलिमीटरच्या चाळणीने चाळावा. खाली पडलेली माती सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट या कण सुटे करणाऱ्या रसायनाच्या द्रावणात रात्रभर भिजवून, 0.063 मिलिमीटरच्या चाळणीवर धुवावी आणि निघालेल्या गढूळ पाण्यातील पोयटा व चिकणमाती हायड्रोमीटरने (द्रवाची घनता मोजणाऱ्या उपकरणाने) मोजावी. आपल्याकडच्या काळ्या मातीची ढेकळे नुसत्या पाण्यात नीट सुटत नाहीत, तेव्हा भिजवणे टाळू नये.

त्यानंतर किमान 50 लांबट दगडांच्या लांब अक्षाची दिशा आणि कल (आडव्या पातळीशी होणारा कोन) नोंदवावा. बेसाल्टमधील मॅग्नेटाइटमुळे होकायंत्राची सुई भरकटू शकते. म्हणून यंत्र खडकाला टेकवू नये.

आता खरा प्रश्न अर्थ लावण्याचा. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते आणि भेगांतून खडक फोडते, त्यामुळे थंडीतले दगड टोकदार असतात हे खरे. पण सांध्यांवर, म्हणजे खडकातील नैसर्गिक भेगांवर, तुटलेला आपला बेसाल्टही तितकाच टोकदार निघतो. केवळ धारदार कडा पाहून थंड हवामानाचा निष्कर्ष काढणे माझ्या मते सर्वांत घातक घाई आहे. सॉलिफ्लक्शनमध्ये, म्हणजे वितळलेल्या पाण्याने भिजलेली माती उताराने संथपणे सरकते तेव्हा, लहानमोठे सर्व कण एकत्र मिसळलेले राहतात आणि लांबट दगड बहुधा उताराच्या दिशेने वळलेले आढळतात. याहून बोलका पुरावा हवा असल्यास दगड जागेवरून हलवण्यापूर्वी त्याची वरची बाजू मऊ ब्रशने हळूच झाडून पाहावी: मातीतील बर्फ वितळताना झिरपलेला पोयटा तिथे पातळ टोपीसारखा बसलेला असतो, तर खालची बाजू त्यामानाने स्वच्छ असते. कड्याखाली मोकळ्या खड्यांचे आणि मातीने भरलेले थर आलटून पालटून दिसत असतील, तर तीही एक खूण समजून प्रत्येक थराची जाडी स्वतंत्रपणे मोजावी.

यांपैकी दोन-तीन खुणा एकाच कापात मिळाल्या नाहीत, तर वहीत ‘उतारावरील निक्षेप’ इतकेच लिहावे आणि हवामानाचा रकाना कोरा ठेवावा.