संकल्प टिकावा म्हणून केलेली सोय

'रोज लिहीन आणि घरातली कागदपत्रे लावीन' हा माझा एक जानेवारीचा संकल्प संक्रांतीपर्यंतही टिकत नसे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 1999 च्या लेखात विशद केलेली 'अमुक घडले की तमुक करायचे' ही पद्धत मी अवलंबिली आणि चहाचे आधण ठेवले की ते उकळेपर्यंत वहीत चार ओळी लिहायच्या, फसल्या तरी खोडायच्या नाहीत, असे ठरवले. बेळगावच्या खडेबाजारातून फाइली आणल्या. शेताचा उतारा, वीजबिल असे बहुतेक कागद कन्नडमध्ये असल्याने प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने मराठीत विषय व तारीख लिहिली, त्यामुळे आईलाही (खरी तपासनीस तीच) हवा तो कागद लगेच सापडतो. किराणा दुकानाच्या पावत्या मात्र मी मुद्दामच डब्यात राहू दिल्या आहेत.