शाळेची वेळ बदलून मागायची तर

चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नका, असा आदेश राज्य सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये काढला. त्याची प्रत काढून पालक-शिक्षक संघाच्या बैठकीला घेऊन जा. व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डला मुख्याध्यापक भीक घालत नाहीत.

अर्जाआधी मात्र व्हॅनवाल्या काकांना गाठा. आमचं गाडं तिथेच अडलं होतं. एकच व्हॅन आधी सातची पोरं सोडते, मग दुसऱ्या शाळेची. शाळा दोन सत्रांत भरत असेल तर दुपारची मुलं किती वाजता सुटतील, याचा हिशेब मांडून न्या, कारण पहिला प्रश्न तोच येतो.

अर्जात ‘सकाळी उठवत नाही’ लिहू नका (खरं असलं तरी). पहिल्या तासाला पेंगते, डबा तसाच परत आणते, असं लिहा. वर्गशिक्षिकेने दुजोरा दिला तर सोनंच.

नववी-दहावीला हा आदेश लागू नाही. खरं तर वयात येताना झोप उशिरा लागते, त्यामुळे गरज त्यांनाच जास्त. कॅलिफोर्नियात 2022 पासून बहुतेक हायस्कुलं साडेआठच्या आधी भरत नाहीत. त्यांच्यासाठी निदान पहिला तास गणिताचा नको, एवढं तरी मागून घ्या.