पावित्र्याचा ध्यास घेताना या चुका टाळा

इंदूरमधील आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत मी अनेक वर्षे बायबल-अभ्यासाचा वर्ग घेत आहे आणि ईस्टरपूर्वीच्या दर उपवासकाळात त्याच चुका पुन्हा समोर येताना पाहून मन खिन्न होते.

सर्वांत जुनी चूक म्हणजे पावित्र्य उपासना आणि उपवासापुरते मानून व्यवहार त्यातून वगळणे. पवित्र असण्याची आज्ञा बायबलच्या जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या 19व्या अध्यायाच्या आरंभी येते आणि त्याच अध्यायात शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी सोडावे, मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये, वजने-मापे खरी असावीत, असे सांगितले आहे. ती आज्ञा पुन्हा सांगताना येशूचा शिष्य पेत्रही ‘सर्व प्रकारच्या आचरणात’ असेच म्हणतो (1 पेत्र 1:15).

हे मी इतरांना शिकवत होतो. एका शनिवारी संध्याकाळी दाराची चौकट बसवून सुतार ओट्यावर बसला होता. रंधा आणि करवत त्याने पोत्यात गुंडाळली होती, पायजम्याला भुसा चिकटलेला होता. मला उपवास-प्रार्थनेला वेळेवर पोचायचे होते आणि पैसे काढायला एटीएमपर्यंत जावे लागले असते, म्हणून मी त्याला सोमवारी यायला सांगितले. तो एवढेच म्हणाला, “बाबूजी, आज मिल जाता तो राशन ले लेता.” मी निघालो आणि सभेत पावित्र्यासाठी मोठ्याने प्रार्थना केली. रात्री वर्गाच्या तयारीसाठी तोच अध्याय उघडला, तेव्हा मजुरीविषयीच्या 13व्या वचनापुढे मला वाचवेना. साडेदहाला त्याचे घर शोधून पैसे दिले, क्षमा मागितली. मुले झोपली होती. ती काय खाऊन झोपली, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. तेव्हापासून काम सुरू होण्यापूर्वीच मी मजुरी पाकिटात बाजूला काढून ठेवतो. पवित्र या अर्थाच्या हिब्रू शब्दात वेगळे राखून ठेवण्याचा भाव आहे, आणि तो मला त्या पाकिटाने शिकवला.

दुसरी चूक उतावळेपणाची आहे. तीन दिवसांच्या सभेतून घरी येताच राग, लोभ सारे संपावे अशी नव्या विश्वासणाऱ्यांची अपेक्षा असते, आणि ती पुरी झाली नाही की ते पुढच्या सभेची वाट पाहतात. अशा जवळच्या वाटांवर माझा विश्वास नाही. आपसांत भांडणाऱ्या करिंथ शहरातील विश्वासणाऱ्यांना प्रेषित पौल आरंभीच पवित्र जन म्हणतो, आणि तरीही त्यांना सुधारण्यासाठी 16 अध्यायांचे पत्र लिहितो. पापकबुली शुभ शुक्रवारपर्यंत साठवू नये. आपल्या शहरात कचरागाडी रोज सकाळी दारात येते, तसा मी दिवसाचा हिशेब रोज रात्री, चुकीचे नाव घेऊन, प्रभूपुढे मांडतो.

खाण्यापिण्याचे नियम वाढवून मन शुद्ध होत नाही. माणसाला बाहेरून आत जाणारे नव्हे, तर मनातून निघणारे विटाळवते, असे सांगणारा मार्क 7 वाचावा. शेजाऱ्याशी तुलना करणाऱ्यांनी लूक 18 मधील जकातदाराची ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर’ ही प्रार्थना पाठ करावी.

आणि मनात अढी ठेवून प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीला, जाऊ नये. अर्पण वेदीजवळ ठेवून आधी भावाशी समेट कर, असे प्रभूने सांगितले आहे (मत्तय 5:23-24), म्हणून मी आदल्या दिवशीच फोन करतो. संदेश पाठवून मोकळे होणे मला पटत नाही, कारण क्षमा मागताना आवाज कापरा होतो, तो संदेशात ऐकू जात नाही.