सफारीचं कोटेशन स्वस्त वाटलं, तर आधी हे विचारा

केनियातल्या मसाई मारा या वन्यजीव राखीव क्षेत्राच्या सफारीसाठी दोन-तीन ऑपरेटरांकडून दर मागवले आणि एकाचा आकडा बराच कमी आला, तर लगेच ॲडव्हान्स पाठवू नका. आधी प्रवेश शुल्काचं विचारा. 2024 पासून परदेशी प्रौढ पर्यटकाला मारा राखीव क्षेत्रात जानेवारी ते जून दिवसाला 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर पडतात. म्हणजे चार मोठी माणसं ऑगस्टमध्ये तीन दिवस गेली, तर नुसतं शुल्कच 2,400 डॉलर! त्यामुळे ‘पार्क फी इन्क्लुडेड’ या तीन शब्दांवर समाधान मानू नका. किती दिवसांची, मारातून निघायच्या दिवसाची धरली आहे का, हे ईमेलवर लिहून घ्या. फोनवरचं बोलणं ऐनवेळी कुणी मानत नाही.

मग गाडी. लँड क्रूझर की उघडणाऱ्या छताची व्हॅन, फक्त आपल्यासाठी की अनोळखी लोकांबरोबर, प्रत्येकाला खिडकी मिळणार का? एप्रिल-मेच्या पावसात तिथली काळी माती चिकट होते, तेव्हा फोर-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी गाडीच हवी. इथे पैसे वाचवू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

ऑपरेटर केनियातल्या टूर ऑपरेटर संघटनेचा, म्हणजे ‘काटो’चा सदस्य असल्याचं सांगत असेल, तर संघटनेच्या यादीत स्वतः नाव शोधा. गाइडकडे तिथल्या सफारी गाइड संघटनेच्या ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड या चढत्या दर्जांपैकी कोणता आहे, तेही विचारा. आणि घरात कुणी शाकाहारी किंवा जैन असेल, तर कॅम्पला आधीच कळवायला सांगा.