स्वभाव वयाबरोबर कसा बदलतो: घरच्या घरी नोंद ठेवायची पद्धत

दोनशे पानी वही घ्या आणि घरातल्या प्रत्येकाला दहा-बारा पानं द्या. वर्षातून दोनदा लिहायचं: एकदा गणपतीत, एकदा पौष-माघातल्या कुठल्याही साध्या आठवड्यात. गणपतीत चाकरमानी आलेले असतात. तीच माणसं, तेच घर, तीच कामं, त्यामुळे मागच्या वर्षाशी ताडून बघता येतं. पण नुसत्या गणपतीवर भिस्त नको. घर भरलेलं असताना भिडस्त माणूस खुलतो आणि जागरणाने शांत माणूसही करवादतो.

वहीत विशेषणं लिहायची नाहीत. 'धाकटा हट्टी आहे' ही नोंद बाद. 'माटवीला (गणपतीवरच्या लाकडी चौकटीला) कवंडळं (रानफळं) बांधताना थोरल्याने धाकट्याच्या हातातून दोरी घेतली. धाकटा पाच मिनिटं खळ्यात जाऊन बसला, मग आपणहून परत आला' ही खरी नोंद. पुढच्या वर्षी तो पाच मिनिटं रुसतो की तासभर, हे कळतं. पाच बाजू बघा: नवं करून बघायची हौस, नेटकेपणा आणि चिकाटी, माणसांत रमणं, सांभाळून घेणं, मनाची अस्वस्थता. मानसशास्त्रातही हेच पाच गुण धरतात. प्रत्येक बाजूला एक प्रसंग पुरे.

'आजोबांवर गेलाय' हा शेरा मारायची घाई नको. जुळ्यांवरच्या अभ्यासांनुसार माणसामाणसांतल्या फरकात अनुवंशाचा वाटा साधारण 40 ते 50 टक्के येतो. बाकीचं इतर कारणांनी घडतं.

अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी 1956 मध्ये न्यूयॉर्कमध्ये बाळांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. त्यात सुमारे 40 टक्के मुलं सहज रुळणारी, 10 टक्के अवघड आणि 15 टक्के हळूहळू रुळणारी निघाली. उरलेली कुठल्याच गटात नीट बसली नाहीत. मुलाचा पिंड आणि घरची रीत जुळते का, यावर त्यांचा भर होता. बुजऱ्या पोराला पाहुण्यांपुढे 'म्हण बघू श्लोक' म्हणून ढकललं की ते आणखी आत जातं. त्याला आधी अर्धा तास पडवीत बसून नुसतं बघू द्या.

अकरा ते पंधरा या वयात नेटकेपणा आणि सांभाळून घेणं बऱ्याच मुलांत काही काळ घसरतं. तेव्हा 'बिघडला' असं लिहून पान बंद करू नका.

सर्वांत मोठा फरक विशी ते चाळिशीत पडतो: माणसं सरासरीने अधिक जबाबदार आणि स्थिर होतात. इथे हमखास एक गफलत होते. अख्खी भावंडं निवळली, तरी त्यांतला सर्वांत काळजीखोर बहुधा काळजीखोरच राहतो, म्हणून 'काहीच बदललं नाही' असं वाटतं. इतरांशी तुलना सोडा, त्याचंच जुनं पान उघडा.

स्वतःत बदल हवा असेल, तर नुसती इच्छा पुरत नाही. आठवड्याला एकच ठरावीक काम घ्या. भिडस्त माणसाने पहिल्या आठवड्यात बाजारात अनोळखी मासेवालीला बांगड्याचा भाव विचारावा, दुसऱ्यात घासाघीस करावी. तीन-चार महिने नेटाने केलं, तर थोडासा फरक दिसू शकतो. एकदम गावच्या सभेत भाषण ठरवलंत, तर काम राहून जातं आणि हुरूपही जातो.

साठीनंतर नव्याची हौस हळूहळू कमी होणं स्वाभाविक आहे. झपाट्याने झालेला बदल मात्र 'वयच झालं' म्हणून सोडू नका. आजी दोन दिवसांत असंबद्ध बोलायला लागली, दिवसा झोपते आणि रात्री जागते, तर लघवीतला जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम घटणं किंवा एखादं औषध यामागे असू शकतं; त्याच दिवशी दवाखाना गाठा. काही महिन्यांत झालेल्या बदलामागे थायरॉइड, बी-12ची कमतरता, नैराश्य किंवा स्मृतिभ्रंश असू शकतो. जाताना बदल दिसल्याची तारीख लिहून न्या आणि औषधांच्या सगळ्या पट्ट्या घ्या, झोपेच्या आणि सर्दीच्या गोळ्यांसकट. म्हाताऱ्या माणसांत याही गोळ्यांनी गोंधळ होतो आणि घरचे त्या सांगायला विसरतात.