काळ्या मातीतला ३३ केव्ही केबलचा जॉइंट पुन्हा पुन्हा का जायचा (माझा अनुभव)

नागपुरात जमिनीखालच्या केबलचा एकाच जागचा जॉइंट (दोन केबल जोडल्याची जागा) दुसऱ्यांदा गेला. कापून पाहिला, तर सेमीकॉन (इन्सुलेशनवरचा काळा, अर्धवट वीज वाहणारा थर) संपतो तिथे एक्सएलपीईवर (केबलच्या प्लास्टिक इन्सुलेशनवर) कटरची गोल खाच, आणि तिथूनच कंडक्टरपर्यंत गेलेली काळी रेघ. अशा खाचेत हवा अडकते, बारीक ठिणग्या पडत राहतात आणि इन्सुलेशन आतून पोखरलं जातं. मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजायची चाचणी) आधी चांगला आला होता. ही खाच मेगरवर सापडत नाही.

या वेळी चाकूला हातच लावला नाही. खोली सेट होणाऱ्या स्ट्रिपरने सेमीकॉन काढला, कडा उतरती केली. पॉलिश पेपर ॲल्युमिनियम ऑक्साइडचाच, आधी १२०, मग २४०, मग ४००. काळा एमरी पेपर नको, त्याचे कण वीज वाहतात. पुसायचं कंडक्टरकडून सेमीकॉनकडे, दर वेळी नवा वाइप घेऊन. उलट पुसलं की कार्बन इन्सुलेशनवर पसरतो. मग कडेवर स्ट्रेस मॅस्टिक (विजेचा ताण एका जागी साचू न देणारा चिकट लेप), फट न ठेवता.

दुसरं कारण माती. ती मे महिन्यात भेगाळते, पावसात फुगते आणि केबल ओढते. म्हणून दोन्ही बाजूंना सैल वळण ठेवलं, भोवती वाळू भरली.

०.१ हर्ट्झ व्हीएलएफसोबत (अगदी कमी वारंवारतेचा उच्च दाब देऊन घ्यायची केबलची चाचणी) बाहेरच्या आवरणाचीही चाचणी घ्या. त्याला भोक असेल तर पाणी तिथूनच जॉइंटपर्यंत सरकतं.