पर्यायी ऊर्जेवरची पीपीटी: या चुका टाळा

मे महिना आला की शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टच्या पीपीटी माझ्या टेबलावर येऊ लागतात. विषय सौर, पवन, बायोगॅस, आणि अलीकडे हायड्रोजन. फाइल उघडायच्या आधीच पहिल्या पाच स्लाइडवर काय असणार ते मी सांगू शकतो: हिरव्या पानावर बल्ब, 'ऊर्जा ही काळाची गरज', उजेडातून वीज मिळते हे दाखवणारा १८३९ सालचा बेकरेल, १९५४ सालचा बेल लॅब्जचा सौरघट, मग फायदे आणि तोटे. पोरांनी स्वतः उन्हात उभं राहून केलेलं काम सापडतं थेट सतराव्या स्लाइडवर. वेळ असते दहा मिनिटांची. त्यातली तीन बेकरेलला दिली की तुमच्या वाट्याला काय उरणार?

स्वतःचा आलेख तिसऱ्या स्लाइडवर आणा. इतिहास विचारलाच तर तोंडी सांगता येतो.

कमी आलेलं रीडिंग गाळणं

एका ग्रुपने कॉलेजच्या गच्चीवर ३२५ वॉटचं पॅनेल लावून जानेवारी ते एप्रिल, रोज दुपारी साडेबाराला रीडिंग घेतलं. पीपीटीत मात्र फक्त जानेवारीचा तक्ता. "एप्रिलचं कुठे गेलं?" म्हटल्यावर एकमेकांकडे बघायला लागले. "सर, एप्रिलमध्ये एवढं ऊन असून कमी आलं. २७० च्या आसपास. मीटर गंडला असेल म्हणून काढून टाकलं."

वही मागवली. तिच्यात पॅनेलच्या पाठीचं तापमानही लिहिलेलं होतं: जानेवारीत ४५ अंश, एप्रिलमध्ये ६५. पॅनेलवर छापलेले वॉट हे २५ अंश तापमानाला आणि दर चौरस मीटरला १००० वॉट उन्हात मोजलेले असतात. त्यापुढे चढलेल्या प्रत्येक अंशाला सिलिकॉन पॅनेलची शक्ती साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. ६५ म्हणजे ४० अंश जास्त. ४० गुणिले ०.४, म्हणजे १६ टक्के. ३२५ मधून १६ टक्के गेले की उरतात २७३. मीटर अगदी शहाणा होता! भर उन्हाळ्यात पॅनेल छापील आकड्यापेक्षा कमी का देतं, हे या पोरांनी स्वतः मोजलं होतं आणि नेमकं तेच फेकून दिलं होतं.

रीडिंग विचित्र आलं तर आधी तापमान बघा, मग धूळ, मग सावली. पाण्याच्या टाकीची सावली पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पडली तरी उत्पादन चांगलंच खाली येतं, कारण आतले घट एकामागोमाग एक जोडलेले असतात. हे सगळं तपासून झालं की मग मीटरला दोष द्या.

किलोवॉट म्हणजे युनिट नव्हे

'आमच्या प्लांटने दिवसाला ५ किलोवॉट वीज तयार केली.' हे वाक्य दर वर्षी येतं, आणि दर वर्षी एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, तिथेच पकडतात. पंप पाच एचपीचा आहे एवढ्यावरून शेताला किती पाणी दिलं ते कळत नाही. तो किती तास चालला ते सांगावं लागतं. किलोवॉट म्हणजे पंपाचा एचपी, आणि लाइट बिलावरचं युनिट, म्हणजे किलोवॉट-तास, हे पाटातून गेलेलं पाणी.

आपल्याकडे छतावरचा १ किलोवॉटचा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट देतो. तुमच्या स्लाइडवर १२ आले असतील तर कोणीतरी दिवस बारा तासांचा धरून सरळ गुणाकार केलाय. मग त्याच आकड्यावर 'दोन वर्षांत पैसे वसूल' असा निष्कर्ष उभा राहतो, आणि त्यात बॅटरी बदलण्याचा खर्चही नसतो.

असाच घोळ देशाच्या आकडेवारीत होतो. २०२५ मध्ये भारताच्या स्थापित वीजक्षमतेतला बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल, गॅस सोडून) वाटा ५० टक्क्यांवर गेला, ही बातमी खरी आहे. पण स्लाइडवर ती 'देशातली निम्मी वीज आता सौरऊर्जेतून' अशी उतरते. एक तर त्या निम्म्यात मोठी जलविद्युत आणि अणुऊर्जाही आहे. शिवाय क्षमता निम्मी म्हणजे वीज निम्मी नव्हे: सूर्य रात्री नसतो, वारा मर्जीने वाहतो, आणि प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेत हा वाटा २०२४-२५ मध्ये जेमतेम पाव भरला. बातमीतला आकडा उचलताना तो क्षमतेचा की निर्मितीचा, एवढं बघून घ्या.

निसर्गाच्या नियमाबाहेरची कार्यक्षमता

पवनचक्कीच्या मॉडेलवर '६८ टक्के कार्यक्षमता' लिहून आणणारा ग्रुप मला दोनदा भेटलाय. वाऱ्यातल्या ऊर्जेपैकी ५९.३ टक्क्यांहून जास्त कोणतंही उघडं पातं काढू शकत नाही. बेट्झची मर्यादा म्हणतात ती हीच. मग ६८ आले कुठून? बहुतेक वेळा टेबल फॅनसमोर. फॅनचा झोत सगळीकडे सारखा नसतो आणि वेग मोजलेला असतो एकाच ठिकाणी. शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे वेगात १० टक्के चूक झाली की शक्तीत ३३ टक्के. पात्याच्या घेरात पाच-सहा ठिकाणी वेग मोजा आणि प्रत्येक ठिकाणच्या वेगाचा घन करून मग सरासरी काढा.

हायड्रोजनवाल्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की तो ऊर्जेचा साठा आहे, खाण नव्हे. पाण्यातून १ किलो काढायला ५० ते ५५ युनिट वीज लागते आणि त्यात ऊर्जा असते सुमारे ३३ युनिट.

बायोगॅसवाल्यांची तक्रार वेगळीच. "गॅस येतो पण पेटत नाही, प्रोजेक्ट फेल." अरे, सुरुवातीच्या दिवसांतला गॅस बहुतांशी कार्बन डायऑक्साइडच असतो. मिथेन तयार करणारे जिवाणू सावकाश वाढतात, आणि टाकी आंबट झाली तर हातच आखडतात. आंबटपणा दाखवणारी पीएचची पट्टी बुडवा. सातच्या आसपास हवा. फार खाली गेला असेल तर खरकटं टाकणं थांबवा, शेणाचा काला घाला, वाट बघा. स्लाइडवर 'फेल' लिहिण्याऐवजी कोणत्या दिवशी पीएच किती होता आणि ज्योत निळी कधी झाली ते लिहा. त्या तक्त्यावर दहा प्रश्न येतील, आणि दहाहींची उत्तरं तुमच्याकडे असतील.

हॉलमध्ये गेल्यावर

विषय सूर्याचा म्हणून अक्षरं पिवळी करायचा मोह होतो. पांढऱ्यावरचं पिवळं प्रोजेक्टर गिळून टाकतो. मराठीतून सादर करणार असाल तर जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप करू नका. कॉलेजच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की 'सौरऊर्जा'च्या जागी रोमन अक्षरांचा काला दिसतो. युनिकोडमध्ये लिहा आणि पीडीएफची एक प्रत पेन ड्राइव्हमध्ये ठेवा. व्हिडिओ वेगळ्या फोल्डरमध्ये राहतो आणि ऐनवेळी काळी चौकट उघडते, म्हणून पूर्ण फोल्डर कॉपी करा. परदेशातल्या समुद्रातल्या पवनचक्क्यांचा झकास फोटो काढून टाका आणि तुमच्या गच्चीवरचा, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसकटचा, लावा.

आणि रीडिंगची मूळ वही सोबत न्या. त्या ३२५ वॉटवाल्या ग्रुपने शेवटी नेली. एक्स्टर्नलनी स्लाइड बाजूला ठेवून तिची पानं उलटली, फेब्रुवारीतल्या एका कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे काय?"

"सर, त्या दिवशी गच्चीची किल्ली शिपाईकाकांकडे होती आणि ते रजेवर होते."

"बरं," म्हणाले, आणि पुढचं पान उलटलं.